पौर्णिमेची गणना आणि अमावास्येची वही

बुद्धपौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्रातील अनेक अभयारण्यांत पाणवठ्यांच्या कडेला मचाणे बांधली जातात. चंद्रप्रकाशात पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची मोजदाद होते, आणि एक-दोन दिवसांत इतकी सांबरे, इतकी रानडुकरे, इतके मोर असे आकडे वृत्तपत्रांत झळकतात. ही शास्त्रशुद्ध गणना नव्हे हे वनखात्यालाही ठाऊक असल्याने अलीकडे या उपक्रमास ‘निसर्गानुभव’ असे अधिक प्रांजळ नाव दिले जाते. लोकांना जंगलाची ओढ लावणारा हा उपक्रम चालू राहावा याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. तथापि, ज्या जमिनीवर सार्वजनिक पैसा आणि कित्येकांचे श्रम खर्च झाले, तिची प्रकृती सुधारते आहे की खालावते आहे, या प्रश्नाचे उत्तर पाणवठ्यावरच्या आकड्यांतून मिळत नाही. ते मिळवण्याचा एक साधा, स्वस्त आणि आपल्याकडे उपेक्षित राहिलेला मार्ग म्हणजे अभयारण्यातील पतंगांची वर्षानुवर्षे, एकाच पद्धतीने ठेवलेली नोंद. प्राणीगणनेला पौर्णिमा लागते; या नोंदीला अमावास्या सोयीची.

पतंग म्हटले की मराठी वाचकास दिव्यावर झेपावून जळणारा अविचारी जीव आठवतो. आपल्या काव्याने त्याला प्रेमवेड्याची उपमा दिली, आपल्या शेतीने त्याला कीड ठरवले, आणि त्यापलीकडे त्याची विचारपूस करण्याचे कारण आपल्याला पडले नाही. त्याच्या भाऊबंदांपैकी दिवसा उडणारे फुलपाखरू मात्र भाग्यवान ठरले. २०१५ साली महाराष्ट्राने ‘नीलवंत’ या फुलपाखराला राज्याचे मानचिन्ह म्हणून स्थान दिले. वस्तुतः संख्येने आणि विविधतेने पतंग हे फुलपाखरांहून कितीतरी मोठे कुळ आहे. भारतात फुलपाखरांच्या जाती सुमारे तेराशे-चौदाशे, तर पतंगांच्या दहा हजारांच्या घरात आहेत. त्यांच्या अळ्या हे असंख्य लहान पक्ष्यांच्या पिलांचे अन्न आहे. प्रौढ पतंगांवर वटवाघळे आणि रातवे जगतात. रात्री उमलणाऱ्या पांढऱ्या, सुगंधी, लांब नळीच्या फुलांचे परागीभवन बऱ्याच अंशी पतंगच करतात. बुचाची फुले आणि पपईच्या बागा ही त्याची परिचित उदाहरणे होत. विदर्भात गडचिरोली, भंडारा या भागांत ढिवर समाजातील कुटुंबे पिढ्यान्पिढ्या ज्या टसर रेशमावर उपजीविका करीत आली, ते रेशीमही ऐन आणि अर्जुन या वृक्षांच्या पाल्यावर वाढणाऱ्या एका पतंगाच्या कोशातूनच निघते.

या शेवटच्या उदाहरणात एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. पुष्कळ पतंगांच्या अळ्या मोजक्याच वनस्पतींवर जगतात. कण्हेरीवरच्या हिरव्या पतंगाची अळी कण्हेर आणि तिच्या कुळातील झाडांवर वाढते, टसरची ऐन-अर्जुनावर, तर सागाची पाने चाळणीसारखी करून सोडणारी अळी सागावर. त्यामुळे दिव्यावर कोणते पतंग आले हे कळले, की आसपासच्या वनस्पतींविषयी आणि त्या वनस्पतींवर उभ्या राहिलेल्या जीवनसाखळीविषयी आपल्याला काही ठोस माहिती मिळते. झाड लावले की ते दुसऱ्या दिवसापासून मोजता येते. परंतु त्या झाडावर जगणारे जीव आपल्या पायांनी आणि पंखांनी तेथे आले की नाही, हे ते झाड स्वतः सांगत नाही. पतंग ते सांगतात.

सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्याच्या संदर्भात हा प्रश्न विशेष जिव्हाळ्याचा आहे. देवराष्ट्रे गावाजवळील, प्राचीन मंदिरसमूहाच्या परिसरातील या उजाड डोंगरांवर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने झाडे लावली गेली, हरणे आणून सोडली गेली, आणि १९८५ साली सुमारे ११ चौरस किलोमीटरच्या या टापूला अभयारण्याचा दर्जा मिळाला. निसर्गाने दिलेले वन राखून ठेवणे निराळे. गेलेले वन माणसाने पुन्हा उभे करणे निराळे. सागरेश्वर हा दुसऱ्या प्रकारचा, म्हणूनच अभिमानाचा आणि अभ्यासाचाही विषय आहे. चार दशकांनंतर आपण विचारले पाहिजे की, ही केवळ झाडांची लागवड आणि हरणांचे कुरण आहे, की येथे खरोखरच अरण्य रुजले आहे? हरणे आपण आणली, म्हणून ती तेथे आहेत. पतंग कोणी आणून सोडले नाहीत. जे असतील ते स्वतःहून आलेले असतील, आणि जे आले नाहीत त्यांची अनुपस्थितीही काही सांगत असेल. उसाच्या हिरव्या समुद्रातील या बेटावर कोण पोहोचले आणि कोण टिकले याची वर्षानुवर्षांची वही हाच त्या प्रयोगाचा खरा ताळेबंद ठरेल.

अशी वही ठेवल्याने काय साधते, हे पाहण्यासाठी मात्र आपल्याला थोडे दूर जावे लागते. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड या शेतीसंशोधन केंद्रात १९३३ साली सी. बी. विल्यम्स या कीटकशास्त्रज्ञाने एक प्रकाश सापळा लावला. रोज रात्री दिवा लावायचा आणि सकाळी आत काय सापडले ते जातवार मोजून लिहायचे, एवढाच त्याचा क्रम. १९३३ ते १९३६ या चार वर्षांत मोठ्या पतंगांचे १५,६०९ नमुने त्याला मिळाले आणि त्यांत २४० जाती निघाल्या. लक्ष देण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. या २४० पैकी ३५ जातींचा चार वर्षांत केवळ एकेकच पतंग सापडला होता. थोड्या जाती विपुल आणि पुष्कळ जाती विरळ, हे चित्र संख्यांच्या नियमात बसवण्याचे काम रॉथॅमस्टेडशी संबंधित असलेल्या रोनाल्ड फिशर यांनी केले, आणि १९४३ साली विल्यम्स व कॉर्बेट यांच्यासह त्यांनी प्रसिद्ध केलेला निबंध जैवविविधतेच्या मोजमापाचा पाया मानला जातो. हेच फिशर भारतात महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून वेळोवेळी येत असत. आपल्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या मागे जी संख्याशास्त्रीय परंपरा उभी आहे, तिच्याशी त्यांचे नाते निकटचे आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला घरखर्चाची पाहणी आणि पतंगांची वही या दोन गोष्टी वरवर कितीही भिन्न वाटल्या, तरी त्यांच्यामागचा विचार एकच आहे. थोड्या नमुन्यावरून मोठ्या समूहाविषयी प्रामाणिक विधान कसे करावे, हाच तो विचार.

त्या पस्तीस एकट्या पतंगांचा धडा आपल्याला फार उपयोगाचा आहे. एका रात्री दिवा लावून पन्नास जातींची यादी केली आणि पुढच्या वर्षी त्याच ठिकाणी चाळीसच आढळल्या, तर दहा जाती नष्ट झाल्या असे म्हणता येत नाही, आणि साठ आढळल्या तर अरण्य समृद्ध झाले असेही म्हणता येत नाही. विरळ जाती येणे-न येणे हा पुष्कळसा योगायोगाचा भाग असतो. या योगायोगाला पुरून उरते ती केवळ सातत्याने केलेली पुनरावृत्ती.

विल्यम्स यांच्या पावलावर पाऊल टाकून १९६० च्या दशकात एल. आर. टेलर यांनी अशा सापळ्यांचे जाळे ब्रिटनभर विणले. सापळ्याची रचना तीच, दिव्याचा प्रकार तोच, आणि सापळे सांभाळणारे बहुतांशी हौशी नागरिक. या वह्यांच्या आधारे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाने दाखवून दिले की, १९६८ ते २०१७ या पन्नास वर्षांत ब्रिटनमधील मोठ्या पतंगांची एकूण संख्या सुमारे ३३ टक्क्यांनी घटली. घटलेल्यांत दुर्मीळ जातीच होत्या असे नव्हे. ज्यांना लोक घरटी ओळखत अशा सामान्य जातीही होत्या. जर्मनीतील क्रेफेल्ड येथील कीटकप्रेमींच्या मंडळाचे काम तर याहूनही डोळे उघडणारे आहे. १९०५ साली स्थापन झालेल्या या मंडळाच्या सदस्यांनी ६३ संरक्षित क्षेत्रांत एकाच रचनेचे सापळे लावून उडणाऱ्या सर्व कीटकांचे वजन नोंदवले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार २७ वर्षांत हे वजन तीनचतुर्थांशांहून अधिक घटले होते. ही घट कारखान्यांच्या आवारातली किंवा फवारलेल्या शेतांतली नव्हती. कागदोपत्री सुरक्षित असलेल्या, कुंपणे घातलेल्या आणि फलक लावलेल्या निसर्गक्षेत्रांतली होती. कुंपण शाबूत आणि आतले धन मात्र ओसरत चाललेले, हे कोणाच्याही डोळ्यांना दिसले नव्हते. ते वहीला दिसले.

आपल्याकडे नोंदींची परंपरा नाही असे कोणी म्हणू नये. मुंबई निसर्ग इतिहास मंडळाच्या १८८३ मधील संस्थापकांपैकी एक असलेले लष्करी अधिकारी चार्ल्स स्विन्हो यांनी १८८५ साली मुंबई आणि दख्खनमधील फुलपाखरे व पतंग यांवर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. निलगिरीत चहाचा मळा सांभाळलेल्या जॉर्ज हॅम्पसन यांनी १८९२ ते १८९६ या काळात भारतातील पतंगांवर चार खंड सिद्ध केले, आणि आजचा अभ्यासकही त्यांच्याकडे वळल्याशिवाय राहत नाही. परंतु हे संग्राहकांचे युग होते. कोणती जाती कोठे सापडते हे सांगणे हे त्याचे उद्दिष्ट. किती रात्री, कोणत्या दिव्याखाली, किती संख्येने, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारलेला नव्हता. त्यामुळे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर कोणते पतंग होते हे आपल्याला पुष्कळसे कळते. ते आज कमी झाले की वाढले, हे मात्र सांगता येत नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर वस्तूंची यादी आपल्याजवळ आहे, पण पायाभूत वर्ष नाही. आणि पायाभूत वर्षाशिवाय निर्देशांक तयार होत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळातही आपण ही उणीव भरून काढली नाही. जैविक विविधता कायदा २००२ साली झाला. त्यानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांनी समित्या स्थापून लोक जैवविविधता नोंदवह्या तयार करावयाच्या होत्या. माधव गाडगीळ यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने ज्या कल्पनेचा दीर्घकाळ पाठपुरावा केला, ती मुळात जिवंत, वाढत जाणाऱ्या, गावाने स्वतः लिहिलेल्या वहीची कल्पना होती. पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली आणि ज्या कामाला वर्षे लागावीत ते अनेक ठिकाणी महिन्यांत उरकले गेले. नोंदवही पूर्ण झाली, असा शेरा मिळाला की ती कपाटात जाते. वास्तविक ‘पूर्ण झालेली नोंदवही’ हा शब्दप्रयोगच विसंगत आहे. दुकानदार आपली रोजकीर्द कधी ‘पूर्ण’ करीत नाही. ती त्याने बंद केली, तर दुकानच बंद झाले असे आपण समजतो.

दुसरीकडे हौशी मंडळींचा उत्साह वाढतो आहे, ही आनंदाची गोष्ट होय. अमेरिकेत २०१२ पासून सुरू झालेला पतंग सप्ताह आता आपल्याकडेही साजरा होतो. पांढरा पडदा, एक प्रखर दिवा, हातात कॅमेरे घेतलेले तरुण आणि पडद्यावर उतरलेले नाना रंगांचे जीव, हे दृश्य कोणालाही मोहवील असेच असते. या सप्ताहाने शेकडो तरुणांना पतंगांकडे पाहायला शिकवले, हे त्याचे श्रेय निःसंशय मोठे आहे. तथापि, तो जुलैच्या अखेरीस येतो. ही वेळ तिकडच्या उन्हाळ्याच्या हिशेबाने ठरलेली. आपल्या सह्याद्रीच्या परिसरात ती ऐन पावसाच्या झडीची. पहिल्या पावसानंतर दिव्यांभोवती उसळणारे कीटक प्रत्येकाने पाहिलेले आहेत, आणि पाऊस ओसरताना रान भरात असते तेही आपण जाणतो. उत्सवाने उत्साह निर्माण करावा, पण नोंदीचे वेळापत्रक आपल्या मृगाने, हस्ताने आणि आपल्या अमावास्यांनी ठरवावे.

अमावास्येचा उल्लेख येथे रूढीसाठी केलेला नाही. चांदण्या रात्री प्रकाश सापळ्यात कीटक कमी येतात हे विल्यम्स यांनीच आपल्या वहीवरून दाखवून दिले होते. एका वर्षी अष्टमीला दिवा लावला, दुसऱ्या वर्षी पौर्णिमेला आणि तिसऱ्या वर्षी अमावास्येला, तर जो फरक दिसेल तो पतंगांचा नसून चंद्राचा असेल. म्हणून दर अमावास्येच्या आसपासच्या ठरलेल्या रात्री, ठरलेल्या जागी, ठरलेल्या तासांत, तोच दिवा लावणे हा या कामाचा पहिला नियम आहे. पाऊस, वारा, तापमान यांची नोंद सोबत हवी. पतंग शून्य आले तर ‘शून्य’ लिहिले पाहिजे. कोरी जागा आणि शून्य यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दिवा बदलणे अपरिहार्य झाले, आणि जुन्या प्रकारचे दिवे बाजारातून नाहीसे होत असताना ते कधीतरी होणारच, तर निदान एक वर्ष जुना व नवा असे दोन्ही दिवे आळीपाळीने लावून दोन्हींचा मेळ घातला पाहिजे. किंमत निर्देशांकाचे पायाभूत वर्ष बदलताना आपण जुन्या व नव्या मालिकेचा सांधा जुळवतो, तसेच हे आहे. या नियमांत कोठेही पांडित्य नाही. आहे ती केवळ शिस्त.

यावर पहिला आक्षेप शेतकऱ्याकडून येईल, आणि तो आदराने ऐकला पाहिजे. पतंग म्हणजे अळीची आई. तिची गणना कसली करता, बंदोबस्त करा, असे तो म्हणेल. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यातील कापूस उत्पादकांचे जे हाल केले, आणि २०१८ साली कर्नाटकात प्रथम आढळून त्याच वर्षी महाराष्ट्रात शिरलेल्या अमेरिकन लष्करी अळीने मक्याच्या पोंग्यात जो धुमाकूळ घातला, ते पाहता त्याचा राग समजण्यासारखा आहे. परंतु ज्याला आपण बंदोबस्त म्हणतो तोसुद्धा गणनेपासूनच सुरू होतो. कापसाच्या शेतात कामगंध सापळे लावून सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ-आठ पतंग आढळले तर उपाय योजा, असा सल्ला कृषी विभाग देतो. म्हणजे नोंद ठेवणारा शेतकरी विनाकारण फवारणीचा खर्च वाचवतो. पतंगांच्या हजारो जातींपैकी पिकांचे मोठे नुकसान करणाऱ्या जाती मोजक्याच आहेत. कामगंध सापळा त्या एकेका जातीपुरता बोलतो आणि हंगाम संपला की गप्प होतो. शेजारच्या अभयारण्यातील वही बारा महिने सर्व जातींची असते. एखादी नवी, परकी अळी जिल्ह्यात उतरली, तर ती पहिल्यांदा दिसण्याची शक्यता जेथे वर्षभर कोणीतरी दिव्याखाली पाहत असते तेथेच अधिक. पूर आल्यावर नदीची पातळी मोजायला निघणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. मोजपट्टी आधीपासून उभी असावी लागते.

दुसरा आक्षेप अग्रक्रमाचा. शाळांना वर्गखोल्या नाहीत, दवाखान्यांत औषधे नाहीत, आणि तुम्ही पतंग मोजायला पैसे मागता? आक्षेप गैर नाही, पण येथे तो अस्थानी आहे, कारण या कामाला लागणारे साहित्य म्हणजे एक दिवा, एक बॅटरी, एक पांढरी चादर, एक चांगली वही आणि छायाचित्रे काढू शकणारा भ्रमणध्वनी एवढेच. अभयारण्याच्या कमानीला आणि फलकांना जो रंग लागतो, त्याच्या खर्चात हे बसावे. खरा खर्च आहे तो माणसाच्या वेळेचा आणि सातत्याचा. बाजारपेठ हा खर्च कधीच उचलणार नाही. अशा वहीचा लाभ सर्वांना मिळतो, कोणालाही त्यातून वगळता येत नाही, आणि एकाने तो घेतल्याने दुसऱ्याचा वाटा कमी होत नाही. अर्थशास्त्र अशा गोष्टीला सार्वजनिक वस्तू म्हणते, आणि जिचा फायदा सगळ्यांचा तिचा खर्च कोणाचाच नाही, ही तिची नेहमीची शोकांतिका असते. दीपगृहाचे उदाहरण पाठ्यपुस्तकांत घासून गुळगुळीत झाले आहे; हा दिवा लहान असला तरी त्याच जातीचा आहे.

तिसरा आक्षेप जाणकारांचा: ओळखणार कोण? बरेच पतंग नुसत्या छायाचित्रावरून जातीपर्यंत ओळखता येत नाहीत, त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली अवयवांची तपासणी लागते. हे खरे आहे, आणि हल्ली भ्रमणध्वनीवरील प्रणाली क्षणार्धात जे नाव सुचवते ती साक्ष नसून केवळ सूचना असते, हेही विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवले पाहिजे. परंतु चारशे जातींची अंदाजाने केलेली यादी आणि खात्रीने ओळखता येणाऱ्या पन्नास जातींची वीस वर्षांची संख्यावार नोंद, यांत दुसरीचे मोल अधिक आहे. उरलेल्यांसाठी ‘अनिश्चित’ असा रकाना ठेवण्यात कमीपणा नाही. छायाचित्रे जपून ठेवली, तर आज न कळलेले उद्या कळेल. पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. ‘मॉथ्स ऑफ इंडिया’सारखी संकेतस्थळे तज्ज्ञांनी तपासलेली माहिती विनामूल्य देतात. तज्ज्ञ प्रत्येक अमावास्येला प्रत्येक टेकडीवर येऊ शकत नाहीत. तेथे गावातलेच कोणी उभे राहावे लागते.

मग हे कोणी करावे? याचे स्वाभाविक उत्तर, अभयारण्याजवळचे महाविद्यालय. येथेच या प्रश्नाची खरी मेख आहे. आज ग्रामीण महाविद्यालयांतील अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील प्राध्यापक वाहत आहेत. जूनमध्ये नेमणूक, उन्हाळ्यात निरोप, आणि पुढच्या वर्षी आपण कोठे असू याची शाश्वती नाही. वीस वर्षांची वही ज्याच्या हाती सोपवायची, त्याला वीस महिन्यांचीही हमी नसावी, हा विरोधाभास विद्यापीठांनी आणि शासनाने डोळे उघडून पाहिला पाहिजे. संशोधनात सातत्य हवे असा उपदेश करणारी व्यवस्था माणसाच्या उपजीविकेत सातत्य ठेवत नसेल, तर तो उपदेश पोकळ ठरतो. क्रेफेल्डचे हौशी लोक सत्तावीस वर्षे सापळे सांभाळू शकले, याला त्यांची आवड जितकी कारण होती, तितकेच त्यांचे स्थिर जीवनही असले पाहिजे.

विद्यार्थ्यांच्या बाबतीतही हाच विवेक हवा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्पांना श्रेयांक आहेत. परंतु सत्र संपले की प्रकल्प संपतो आणि त्याचे बाड ग्रंथालयाच्या मागील खोलीत जाते. दरवर्षी नवा विषय शोधण्याऐवजी एकच वही वर्गामागून वर्गाने पुढे चालवली, तर त्या श्रेयांकांना अर्थ येईल. शिवाय, शेतकरी आणि शेतमजुरांच्या घरांतून आलेल्या मुलांच्या रात्री आपण ‘स्वयंसेवा’ म्हणून फुकट मागू नयेत. फुकट घेतलेले श्रम फुकट नसतात. त्यांची किंमत कोणीतरी मोजतच असते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या या भूमीत ‘कमवा व शिका’ ही योजना रुजलेली आहे. बागेला पाणी घालणे आणि कार्यालयात कागद लावणे या कामांबरोबर दिव्याखाली पतंग मोजणे हेही त्या योजनेत मानधनास पात्र काम का असू नये?

या दृष्टीने काही गोष्टी आजच करता येण्यासारख्या आहेत. वनखात्याने जवळच्या महाविद्यालयाशी निदान पाच वर्षांचा करार करावा. दरवर्षी नव्याने परवानगीचे हेलपाटे घालावे लागले, तर वर्षातील अर्ध्या अमावास्या कागदपत्रांतच निघून जातील. रात्रीचा प्रवेश वन्यजीव कायद्याच्या चौकटीत आणि वनरक्षकाच्या सोबतीनेच असावा, आणि त्या वनरक्षकालाही या नोंदीचे शिक्षण मिळावे, कारण विद्यार्थी तीन वर्षांत जातो, पण रान त्याच्याहून जवळून ओळखणारा रक्षक पुष्कळदा अधिक काळ राहतो. पतंग मारून टाचणीला लावण्याची गरज नाही. पाहून, मोजून, छायाचित्र घेऊन सोडून द्यावेत आणि नोंद संपताच दिवा मालवावा, म्हणजे पहाटे पाखरांच्या तोंडी आयतेच दिले असे होणार नाही. अभयारण्याच्या प्रवेशशुल्कातील एक लहानसा, पण निश्चित वाटा या वहीसाठी राखावा. गावाच्या जैवविविधता नोंदवहीत ही पाने दरवर्षी जोडली जावीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दरवर्षी एका ठरलेल्या महिन्यात हे आकडे प्रसिद्ध व्हावेत. चांगले असोत वा वाईट. जो हिशेब केवळ अनुकूल असला तरच जाहीर होतो, तो हिशेब नसून जाहिरात असते.

सागरेश्वरचे उदाहरण घेतले ते त्याच्या जन्मकथेमुळे. पण मयूरेश्वर असो, कर्नाळा असो की एखाद्या तालुक्याच्या गावाबाहेर वनीकरणातून उभी राहिलेली टेकडी असो, प्रश्न सर्वत्र तोच आहे. दर पावसाळ्यात आपण कोटींच्या संख्येत वृक्षलागवडीचे संकल्प सोडतो, खड्डे मोजतो, रोपे मोजतो, फार तर त्यांतली किती जगली ते मोजतो. रोप जगले म्हणजे वन जगले असे समजण्याची आपल्याला सवय झाली आहे. झाडांच्या रांगा आणि अरण्य यांतला फरक ज्या असंख्य लहान जीवांमुळे पडतो, त्यांची खातेवही आपण कधी उघडलेलीच नाही. ज्या संपत्तीचा हिशेब ठेवला जात नाही, ती गेली तरी कोणाला कळत नाही, आणि गेल्यावर ती होती हे सिद्धही करता येत नाही.

आज ही वही उघडली, तर पहिली पाच-दहा वर्षे ती फारसे काही सांगणार नाही, हे स्वच्छपणे मान्य केले पाहिजे. निवडणुकीच्या किंवा मूल्यांकनाच्या चक्रात बसणारे हे काम नव्हे. १९३३ साली रॉथॅमस्टेडमध्ये पहिल्या रात्रीचे पतंग मोजणाऱ्यालाही आपल्या आकड्यांचे पुढे काय होणार याची कल्पना नसावी. त्याने फक्त त्या रात्रीचा हिशेब त्या सकाळी लिहून ठेवला, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा दिवा लावला. आपल्या वनखात्याकडून, विद्यापीठांकडून आणि महाविद्यालयांकडून याहून अधिक काही मागणे नाही. पण याहून कमीवर भागणारही नाही.